ऑस्टिन सेव्हन: बेबी ऑस्टिनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिन सेव्हन म्हणजे नक्की कोणती गाडी?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला लागून असलेल्या लाँगब्रिजच्या कारखान्यात १९२२ ते १९३९ या काळात तयार झालेली छोटी मोटार. 'बेबी ऑस्टिन' ती हीच. एकूण सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. सुरुवातीच्या गाडीची लांबी पावणेनऊ फुटांच्या आसपास, रुंदी चार फुटांहूनही कमी आणि वजन साडेतीनशे किलोंपेक्षा थोडं जास्त. एवढ्याशा मापात चार सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ब्रेक आणि आईवडील व दोन मुलं बसतील एवढी जागा होती. हे सगळं एकत्र आणणं त्या काळात कुणाला जमलं नव्हतं, आणि या गाडीकडे आजही अभ्यासाच्या नजरेनं पाहावं असं मला वाटतं ते त्यामुळेच.

हर्बर्ट ऑस्टिन कोण होते?

बकिंगहॅमशायरमधल्या लिटल मिसेंडन गावी १८६६ मध्ये जन्मलेला शेतकरी कुटुंबातला मुलगा. विशीच्या आतच तो ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे मेलबर्नमध्ये यंत्रकाम शिकता शिकता मेंढ्यांची लोकर कातरण्याची यंत्रं बनवणाऱ्या वूल्सली कंपनीशी त्याचा संबंध आला. १८९३ मध्ये याच कंपनीच्या कामासाठी तो इंग्लंडला परतला आणि काही वर्षांतच वूल्सलीच्या नावानं तीनचाकी मोटार बनवून बसला. १९०५ मध्ये लाँगब्रिजला स्वतःचा कारखाना काढला.

पहिल्या महायुद्धात हा कारखाना तोफगोळे आणि इतर युद्धसामग्री बनवत अवाढव्य वाढला. १९१७ मध्ये ऑस्टिन यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याआधी १९१५ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा व्हर्नन फ्रान्समध्ये लढताना मारला गेला होता. १९३६ मध्ये ते उमराव झाले आणि १९४१ मध्ये वारले.

इतक्या मोठ्या कारखान्याला एवढी छोटी गाडी बनवायची गरज का पडली?

गळ्याशी आलं म्हणून. युद्ध संपल्यावर ऑस्टिन यांनी सगळी भिस्त 'ट्वेंटी' या एकाच मोठ्या गाडीवर ठेवली होती. ३.६ लिटरचं इंजिन, भक्कम बांधणी, अमेरिकन धर्तीवर मोठ्या संख्येनं उत्पादन, असा बेत होता. पण १९२० च्या अखेरीस मंदी आली, युद्धकाळात वाढवलेला कारखाना रिकामा पडू लागला आणि १९२१ मध्ये कंपनीवर धनकोंच्या पैशांसाठी कारभार पाहणारा रिसीव्हर बसला.

त्यातच १ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्ये नवा मोटारकर लागू झाला. दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड. ट्वेंटीच्या मालकाला वर्षाला २३ पौंड भरावे लागत, आणि तेवढेच फोर्डच्या मॉडेल टीच्या मालकालाही. सामान्य कारागिराच्या दृष्टीनं ही कित्येक आठवड्यांची कमाई होती.

त्या कराचा आणि इंजिनाच्या आकाराचा नेमका संबंध काय?

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण गाडीचं सगळं गणित इथून सुरू होतं. कराची 'अश्वशक्ती' इंजिनाच्या खऱ्या ताकदीवर ठरत नव्हती. ती रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्रानं काढली जाई: सिलिंडरचा व्यास इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरच्या संख्येनं गुणायचं आणि २.५ नं भागायचं. उत्तरात अपूर्णांक आला तर पुढच्या पूर्ण अंकाचा कर.

या सूत्रात पिस्टन किती अंतर वर-खाली जातो याचा विचारच नाही. त्यामुळे ब्रिटिश अभियंते व्यास लहान आणि पिस्टनची धाव लांब ठेवू लागले. ऑस्टिन सेव्हनच्या पहिल्या इंजिनाचा व्यास ५४ मिलिमीटर आणि धाव ७६ मिलिमीटर, म्हणजे ६९६ सीसी. सूत्रानं ती ७.२ अश्वशक्ती, कर ८ पौंड. १९२३ मध्ये व्यास साधारण ५६ मिलिमीटर केला, क्षमता ७४७ सीसी झाली, आकडा ७.८ वर गेला, पण कर ८ पौंडच राहिला. मालकाच्या खिशाला धक्का न लावता ५० सीसी जास्त मिळाले. पुढे १९३९ पर्यंत हाच आकार कायम राहिला.

प्रत्यक्षात हे इंजिन सुरुवातीला जेमतेम १० अश्वशक्ती देत होतं आणि अखेरच्या वर्षांत सुमारे १७. नावातला 'सात' हा कराच्या सूत्रातल्या अश्वशक्तीचा आकडा आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ही दोन मापं सरमिसळ झालेली दिसतात, तेव्हा वाचताना काळजी घ्यावी.

संचालक मंडळाचा विरोध होता असं म्हणतात. मग गाडी बनली कशी?

विरोध होता आणि त्यामागे कारणही होतं. कंपनी कर्जात बुडालेली, धनको दाराशी, आणि अध्यक्ष म्हणतो की पूर्णपणे नवी, अगदी लहान गाडी काढू. त्यातून नफा सुटेल यावर कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा ऑस्टिन यांनी हे काम घरी नेलं. कारखान्यापासून जवळच लिकी ग्रेंज हा त्यांचा मोठा वाडा होता. कारखान्याच्या आरेखन विभागातून त्यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या १८ वर्षांच्या मुलाला निवडलं आणि वाड्यातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत त्याला बसवलं. खर्च स्वतःच्या खिशातून. मंडळ फारच अडून बसलं तेव्हा त्यांनी हा आराखडा दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची धमकी दिली, असंही सांगितलं जातं.

जोखीम स्वतःची असल्यामुळे त्यांनी काही कल्पनांची पेटंटं स्वतःच्या नावावर घेतली आणि कंपनीनं विकलेल्या प्रत्येक गाडीमागे दोन गिनी (दोन पौंडांहून थोडं जास्त) स्वामित्वधन ठरवून घेतलं. यात स्वार्थ होताच, पण पैसे बुडाले असते तर तेही त्यांचेच बुडाले असते.

जुलै १९२२ मध्ये गाडी जगासमोर आली. पहिल्या वर्षी दोनशेही बनल्या नाहीत. १९२९ मध्ये वर्षाला २६ हजारांचा टप्पा ओलांडला गेला.

मग गाडीचा खरा जनक कोण, ऑस्टिन की एज?

यावर उत्साही मंडळींत बरेच वाद झडतात. माझं मत असं: गाडी कोणासाठी, किती मापाची, किती किमतीची, हा विचार ऑस्टिन यांचा. एकंदर मांडणी, पेटंटं आणि पैसा त्यांचाच. पण इंजिनाबाबत एज यांचं म्हणणं निर्णायक ठरलं. ऑस्टिन यांच्या डोक्यात दोन सिलिंडरचं इंजिन घोळत होतं, कारण त्या वेळच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच होत्या. चार छोटे सिलिंडर घेतले तर खर्च फारसा वाढणार नाही आणि गाडी मात्र कितीतरी मऊ चालेल, हे त्या तरुण मुलानं पटवून दिलं. छोट्या चार सिलिंडरच्या मोटारसायकल इंजिनांचा अभ्यास त्याच्या गाठीशी होता.

त्या एका निर्णयानं गाडीचं नशीब पालटलं. दोन सिलिंडरची असती तर ती इतर डझनभर छोट्या गाड्यांच्या रांगेत बसली असती. वरिष्ठांसमोर आपला मुद्दा धरून ठेवणारा मुलगा आणि तो ऐकून घेणारा मालक, दोघांनाही श्रेय द्यायला हवं. एज यांचं नाव मात्र कितीतरी वर्षं मागेच राहिलं आणि ही गोष्ट मला फार खटकते.

त्या काळी सायकलकार नावाच्या छोट्या गाड्या होत्याच की. या गाडीत वेगळं काय?

सायकलकार म्हणजे मोटारसायकलचं इंजिन, हलका लाकडी किंवा नळ्यांचा सांगाडा, साखळी किंवा पट्ट्यानं फिरणारी चाकं. किंमत कमी, पण आवाज, धूर, थरथर आणि वाटेत बंद पडण्याची हमी. घरच्यांना घेऊन रविवारी बाहेर पडायचं तर मोटारसायकलला जोडगाडी (साइडकार) लावायची किंवा अशी सायकलकार घ्यायची, एवढेच पर्याय कमी पगाराच्या माणसापुढे होते. फ्रान्समध्ये प्युजोनं क्वाड्रिलेट नावाची नीटस छोटी गाडी आणली होती आणि ऑस्टिन यांनी ती पाहिली होती.

सेव्हनमध्ये सगळे भाग मोठ्या मोटारीचेच होते. पाण्यानं थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, तीन गिअरचा खरा गिअरबॉक्स, मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, आणि वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल. फक्त प्रत्येक भाग लहान केलेला. ही गाडी आली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ब्रिटनमधला सायकलकारचा धंदा जवळजवळ बसला.

सांगाड्याची रचना कशी होती?

माझ्या मते गाडीतला सगळ्यात सुंदर भाग हाच. पन्हळीसारख्या वळवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या दोन तुळया पुढच्या टोकाला एकत्र येतात आणि मागे फाकत जातात. वरून पाहिलं तर इंग्रजी 'ए' अक्षर. आडव्या जोडांसाठी मोजकेच तुकडे. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन तुळयांना बोल्टनं घट्ट बसवलेले, त्यामुळे इंजिनाचं ॲल्युमिनियमचं घरच सांगाड्याला ताठपणा देतं.

पुढच्या टोकावर, आसाच्या बरोबर वर, एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग. मागे मात्र प्रत्येक बाजूला अर्ध्याहून लहान पाटे, सांगाड्याच्या टोकातून मागे बाहेर निघालेले, आणि त्यांच्या टोकांना मागचा आस टांगलेला. म्हणजे सांगाडा मागच्या आसाच्या आधीच संपतो. मागची बाकडी, बॉडीचा मागचा भाग हे सगळं त्याच्या मागे नुसतं लोंबकळतं. त्यामुळे पोलाद वाचलं, वजन वाचलं, पैसा वाचला.

त्याची किंमतही मोजावी लागली. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं किंवा वळणावर गाडी कलली की मागचा आस किंचित तिरका होतो आणि मागची चाकं जणू स्वतःच सुकाणू धरतात. सरळ रस्त्यावरही चालकाला सतत छोटे-छोटे बदल करत राहावं लागतं. ज्यांना याची सवय नाही ते पहिल्यांदा घाबरतात. सवय झाली की हात हलका ठेवून गाडीला आपलं आपण सावरू द्यायचं हे कळतं.

इंजिनाबद्दल जरा तपशिलात सांगाल का?

बिडाचा ब्लॉक, त्याखाली ॲल्युमिनियमचं क्रँककेस, वरचा हेड सुटा होणारा. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, फक्त दोन टोकांना बेअरिंग, आणि ती बॉल व रोलर प्रकारची. मधे आधार काहीच नाही. जोरात फिरवलं की हा बारीक क्रँक मधे धनुष्यासारखा वाकतो. शर्यतीची मंडळी त्यामुळे क्रँक मोडून घेत असत. १९३६ मध्ये कुठे मधलं तिसरं बेअरिंग आलं.

तेल पुरवण्याची पद्धत तर अगदी साधी. पंप तेल दोन तोट्यांपर्यंत पोहोचवतो, तिथून धार फिरत्या क्रँकवर उडते आणि ती झेलून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत तेल जातं. म्हणून या गाडीत गरम इंजिनावर तेलाच्या दाबाचा काटा जेमतेम हललेला दिसतो. नवख्या मालकाला वाटतं पंप गेला. बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं.

पाण्याला पंप नाही. गरम पाणी वर चढतं, रेडिएटरमधून थंड होऊन खाली येतं, एवढ्यावरच सगळं फिरतं. ब्लॉकमध्ये गाळ साचला की हे चक्र मंदावतं आणि चढावर पाणी उकळतं. पेट्रोलची टाकी चालकाच्या पायांच्या पुढे, वरच्या बाजूला, त्यामुळे पेट्रोलही सुरुवातीला आपोआप खाली उतरत असे. एकही अनावश्यक भाग नाही. स्पॅनर हातात धरता येणारा कुणीही माणूस एका दुपारी हे इंजिन उघडून समजून घेऊ शकतो.

चारही चाकांना ब्रेक होते, मग ब्रेक वाईट म्हणून बदनाम का?

१९२२ मध्ये मोठ्या, महागड्या गाड्यांनाही पुढच्या चाकांना ब्रेक नसायचे, त्या दृष्टीनं ही मोठी उडी होती. पण सुरुवातीला पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हाताचा फक्त पुढच्या चाकांना जोडलेला होता. नीट थांबायचं तर हात आणि पाय दोन्ही एकदम वापरायचे. १९३० मध्ये चारही ब्रेक एकाच पेडलला जोडले गेले. तरीही ड्रम लहान, ओढ तारांची, आणि सांगाडा वाकला की ताराही ढिल्या पडत. आजच्या रहदारीत ही गाडी चालवणाऱ्यानं पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावं. यात तडजोड नको.

चालवायला अवघड आहे का?

क्लचची सवय लागेपर्यंत, हो. पेडलची हालचाल इतकी थोडी की क्लच एक तर सुटलेला असतो किंवा लागलेला, मधलं काही नसतंच. हलक्या उतारावर किंवा इंजिन अगदी मंद ठेवून पाय सोडायचा. गिअर सुरुवातीला तीन होते, १९३२ मध्ये चार झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत वरच्या गिअरना सिंक्रोमेश (गिअर सहज बदलू देणारी योजना) आला. त्याआधीच्या गाडीवर गिअर उतरवताना दोनदा क्लच दाबावा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला ती खूश असते. ८० च्या पुढे साधी गाडी जात नाही आणि नेऊही नये.

किंमत किती होती आणि घेणारे कोण?

सुरुवातीच्या काळात १६५ पौंड, आणि उत्पादन वाढलं तशी किंमत उतरत गेली. १९३० च्या दशकात सर्वांत स्वस्त प्रकार १०० पौंडांच्या आसपास मिळू लागला. शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार, गावोगाव फिरणारे डॉक्टर आणि नर्स अशा लोकांच्या घरातली ही पहिलीच मोटार असे. हलकं सुकाणू आणि लहान आकार यांमुळे अनेक बायकाही हिच्यावरच गाडी शिकल्या. पेट्रोलही कमी लागायचं.

चमी, बॉक्स, रूबी, अल्स्टर ही सगळी एकच गाडी का?

सांगाडा आणि इंजिन मूळचे एकच, वरचा साज वेगळा. चमी म्हणजे कापडी टपाची उघडी चारजणांची गाडी, पहिली आणि माझ्या लेखी सर्वांत गोड. १९२६ पासून बंद छताची, चौकोनी खोक्यासारखी सलून आली. तिला चाहते बॉक्स म्हणतात. १९३१ च्या सुमारास पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ६ फूट ३ इंचांवरून ६ फूट ९ इंच झालं आणि मागे मोठी माणसं बसू लागली. १९३४ मध्ये गोलसर आकाराची रूबी आली, सोबत पर्ल आणि ओपल. या गाड्या आरामदायी होत्या, पण वजन सहाशे किलोंच्या वर गेलं. पहिल्या चमीचा चपळपणा त्यात राहिला नाही.

अल्स्टर ही खेळासाठीची दोनजणांची गाडी. निप्पी आणि स्पीडी तिच्यामागून आल्या.

बाहेरच्या कारागिरांनीही नुसता सांगाडा घेऊन वर आपापल्या बॉडी चढवल्या. त्यांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्लॅकपूलमध्ये विल्यम लायन्स आणि त्यांचे भागीदार मोटारसायकलच्या जोडगाड्या बनवायचे. १९२७ मध्ये त्यांनी सेव्हनवर दुरंगी, डौलदार बॉडी चढवून 'ऑस्टिन सेव्हन स्वॉलो' विकायला काढली. धंदा इतका वाढला की पुढच्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड कव्हेंट्रीला हलवलं. तीच कंपनी पुढे जॅग्वार झाली.

एवढ्याशा गाडीनं शर्यती जिंकल्या हे खरं?

पूर्णपणे. १९२३ मध्ये ऑस्टिन यांचे जावई कॅप्टन आर्थर वेट यांनी इटलीत माँझाला छोट्या गाड्यांची शर्यत जिंकली. १९२९ च्या अल्स्टर टूरिस्ट ट्रॉफीत मोठमोठ्या गाड्यांच्या गर्दीत, अर्थात आकारानुसार सूट मिळून, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेल्या सेव्हन तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. १९३० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्स ट्रॅकवरची ५०० मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी सेव्हनवर जिंकली. त्यांचा सरासरी वेग ताशी ८३ मैलांहून जास्त होता. दोन बेअरिंगच्या त्या बारीक क्रँकवर सहा तास!

१९३६ मध्ये मरे जेमिसन यांनी कंपनीसाठी खास शर्यतीची गाडी बनवली. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, सुपरचार्जर, ७४४ सीसी आणि ११६ अश्वशक्ती. नाव सेव्हनचं असलं तरी त्या गाडीतलं बहुतेक सगळं नवं होतं.

बीएमडब्ल्यूची पहिली मोटार खरंच ऑस्टिन होती?

हो. जर्मनीत आयझेनाखच्या डिक्सी कंपनीनं १९२७ मध्ये सेव्हन बनवण्याचा परवाना घेतला. १९२८ मध्ये विमानाची इंजिनं आणि मोटारसायकली बनवणाऱ्या बीएमडब्ल्यूनं डिक्सीच विकत घेतली आणि मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकलं ते याच गाडीनं. फ्रान्समध्ये लुसियाँ रोझेंगार्त यांनीही परवान्यावर ती बनवली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी 'अमेरिकन ऑस्टिन' सुरू झाली, पण रुंद रस्त्यांच्या देशात ती खपली नाही. बुडालेली कंपनी पुढे अमेरिकन बँटम या नावानं उभी राहिली आणि १९४० मध्ये अमेरिकी लष्करासाठी पहिली नमुना जीप याच बँटमनं बनवली.

जपानच्या डॅटसनबद्दल मात्र जपून बोलावं. दोन्ही गाड्यांत साम्य दिसतं आणि ऑस्टिन यांनी एक डॅटसन मागवून तपासलीही होती. पण पुढे त्यांनी काही कारवाई केली नाही, आणि ती थेट नक्कल होती असं म्हणायला आधार पुरेसा नाही.

लोटस आणि मॅक्लारेन यांचा हिच्याशी काय संबंध?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जुन्या सेव्हन कवडीमोलानं मिळत. खिशात पैसे नसलेल्या पण डोक्यात कल्पना असलेल्या पोरांना याहून चांगली शाळा नव्हती. बॉडी काढून टाकायची, सांगाडा ताठ करायचा, इंजिन सुधारायचं आणि रविवारी शर्यतीला जायचं. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबनं अशा गाड्यांसाठी स्वस्त शर्यतींचे नियमच बनवले.

लोटस या शर्यतीच्या गाड्यांच्या कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये पहिली लोटस बनवली ती जुन्या सेव्हनवरच. पुढच्या एका गाडीत त्यांनी फारच हुशारी केली. सेव्हनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडर मिळून हवा-पेट्रोल आत घेणारं एकच तोंड असतं. चॅपमननी त्या तोंडात मधे भिंत घालून प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी केली. ताकद इतकी वाढली की नंतर नियमानंच ही युक्ती बंद करावी लागली. न्यूझीलंडमध्ये पुढे मॅक्लारेन हा शर्यतीचा संघ काढणारे ब्रूस मॅक्लारेन शाळकरी वयात आपल्या पहिल्या डोंगरचढाईच्या शर्यतीत उतरले ते ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेऊन. मिनीचे जनक ॲलेक इसिगोनिस यांनीही तरुणपणी मित्राबरोबर बनवलेल्या शर्यतीच्या गाडीत सेव्हनचे भाग वापरले होते. १९५९ मध्ये मिनी बाजारात आली तेव्हा ऑस्टिनच्या दुकानांत ती काही काळ 'सेव्हन' याच नावानं विकली गेली.

एवढी लोकप्रिय गाडी बंद का केली?

तिचं वय झालं होतं. १९२८ मध्ये मॉरिस मायनर आली, १९३२ मध्ये फोर्डची मॉडेल वाय. दोन्ही नंतर १०० पौंडांत मिळू लागल्या. १९३५ मध्ये मोटारकर दर अश्वशक्तीमागे १५ शिलिंगांवर, म्हणजे पाऊण पौंडावर उतरला आणि अगदी लहान इंजिनाचा फायदा आटला. कंपनीनं १९३७ मध्ये ९०० सीसीची 'बिग सेव्हन' आणि १९३९ मध्ये 'एट' काढली. मूळ सेव्हनचं उत्पादन १९३९ च्या सुरुवातीलाच थांबलं.

भारतात ही गाडी होती का? आज महाराष्ट्रात ठेवता येते का?

ब्रिटिश अमलात या गाड्या इथे आल्या आणि जुन्या गाड्यांच्या संचलनांत बेबी ऑस्टिन अजूनही दिसतात. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू झाली. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी संचलन, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या ये-जा करण्यासाठी नाही.

विकत घेताना काय तपासावं?

सर्वात आधी ती अजून मूळ गाडी आहे का हे. युद्धानंतर असंख्य सेव्हनच्या बॉडी कापून शर्यतीच्या गाड्या झाल्या आणि आज त्यांतल्या काहींवर नव्या चमी बॉडी चढवून विकल्या जातात. सांगाड्यावरचा, इंजिनावरचा आणि कागदांवरचा क्रमांक ताडून पाहावा.

मग सांगाड्याच्या तुळया, विशेषतः मागचे पाटे जिथे आत घुसतात तिथे गंज आणि तडे. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनमधली ढिलाई. क्रँककेसच्या ॲल्युमिनियमला वेल्डिंगचे ठिगळ. ब्लॉकला व्हॉल्व्हच्या बाजूला चीर. दोन बेअरिंगचा जुना क्रँक असेल तर तो काढून चिरेसाठी तपासून घ्यावा. मजबूत पोलादाचे नवे क्रँक आज बनतात, महाग असले तरी घेतलेले बरे. इतर बहुतेक सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून नव्यानं मिळतात, आणि नव्वद-शंभर वर्षांच्या गाडीबाबत हे भाग्यच म्हणायचं.

पेट्रोलची चिंता नको. या इंजिनाचा दाब इतका कमी की साधं पेट्रोल तिला पुरून उरतं. फक्त इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, त्या बदलाव्यात आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी. घाटात न्यायची असेल तर आधी ब्लॉक आणि रेडिएटर आतून साफ करून घ्या, आणि बरोबर पाण्याचा कॅन ठेवाच.